सेकंदाला दोन बुडबुडे

९ जानेवारी

भावजी,

नमस्कार. अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर आधी शेवटची ओळ बघा आणि मग पुढे वाचा. अकरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा अर्ध्यावर फाडून टाकलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पत्ता आत्याबाईंकडून घेतला. त्याच म्हणाल्या, फोन करू नकोस, कंप्रेसरपाशी राहून त्याचे कान गेलेत, फोनवर नुसतं हो-हो करतो. मलाही फोन नकोच होता. आमची खोली एक, आणि तुमचे दादा चोवीस तास त्याच खोलीत असतात.

ते आजारी आहेत हे तुमच्या कानावर आलं असेल. फुप्फुसात दगडाची भुकटी बसली आहे. डॉक्टरांच्या भाषेत सिलिकोसिस. काम सुटून अडीच वर्षं झाली. आठ महिन्यांपासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. मशीन वर आलं त्या दिवसापासून हे खाली उतरलेले नाहीत.

पण मी त्यासाठी लिहीत नाही. माझं काम वेगळंच आहे आणि तुम्हाला ते खुळेपणाचं वाटेल. पहिल्या वर्षी, हात रिकामे झाले म्हणून, यांनी घरात माशांची टाकी केली. मासे नावालाच, वीस-बावीस, नखाएवढे. खरी हौस पाण्यातल्या झाडांची. तळाला बारीक गवत, मागे लाल पानांची झुडपं. लांब चिमट्यानं गवताची एकेक काडी रोवत बसायचे. इतके मोठे दगड उचलणारा माणूस, आणि काडी वाकडी लागली की पुन्हा उपटून लावायचा. आता पलंग टाकीसमोर ओढून घेतला आहे.

त्या गवताला कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणे. हे बाटलीत साखर आणि यीस्ट घालून तो तयार करायचे. आता बाटली हलवायचीही ताकद नाही, आणि मी केलेली बाटली कधी फसफसून नळीत चढते, कधी चार दिवस ढिम्म. गवत पिवळं पडून सुटून वर तरंगतं. काचेवर शेवाळ धरलं आहे. हे नुसते बघत राहतात. मला ते बघणं बघवत नाही.

दुकानदार तीन प्रकार सांगतो आणि तिन्हींचं सारखंच कौतुक करतो. तुमची इतकी वर्षं गॅसचे सिलिंडर भरण्यात गेली. कुठला घेऊ, एवढंच सांगा. मी तुम्हाला लिहिलंय हे यांना माहीत नाही.

वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. अक्षर लगेच ओळखलं.

साखर-यीस्टच्या बाटलीवर आपला हुकूम चालत नाही. यीस्ट जिवंत असतं, गार पडलं की झोपतं, उकडलं की उधळतं. शिवाय रात्रीही गॅस येतच राहतो. रात्री झाडं तो घेत नाहीत, पाण्यात साठतो आणि सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ती बाटली बंद करा.

दुसरा प्रकार सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याचा. स्टीलच्या डब्यात दोन्ही मोजून घालायचं, झाकण आवळायचं, आत दाब तयार होतो आणि चावीनं गॅस कमी-जास्त करता येतो. तीन-चार आठवडे चालतो. पण डबा दर वेळी धुवायचा, भरायचा, आवळायचा. झाकण तिरकं बसलं तर सगळं वाया. तुम्ही नोकरी करून हे कितपत कराल, मला शंका आहे.

तिसरा म्हणजे भरलेला सिलिंडर आणि त्यावर रेग्युलेटर. एकदा लावला की रोज हात लावावा लागत नाही. विजेवर उघडणारी झडप येते, ती दिव्याच्या टायमरला जोडायची. दिवा लागला की गॅस सुरू, दिवा गेला की बंद.

मला विचाराल तर तिसरा. पण आधी पुढचं कळवा. टाकीची लांबी, रुंदी, उंची. खोलीला खिडक्या किती आणि त्या उघड्या असतात का. पलंगाची उंची जमिनीपासून किती. दिवसा घरात कोण असतं. दादाला किती लिटरचा ऑक्सिजन लागतो. सिलिंडर त्याच खोलीत राहणार म्हणून विचारतो. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो.

धाकटा दीर


२५ जानेवारी

भावजी,

तुमचं पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं. यांनी पलंगावरून विचारलं, बारक्याचं पत्र ना? पोस्टमननं पाठवणाऱ्याचा पत्ता मोठ्यानं वाचला होता, आणि यांचे कान अजून शाबूत आहेत. मी पत्र बाहेर काढलं. पण हे एवढंच म्हणाले, वाच. हात थरथरतात, नळीमुळे चष्मा नाकावर बसत नाही, म्हणून घरात येणारं सगळं मीच मोठ्यानं वाचते. विजेचं बिलसुद्धा. वाचून झालं. मग म्हणाले, "सोड्याचा डबा तुला जमणार नाही. तुला बरणीचं झाकण उघडत नाही." म्हणजे त्यांचंही मत तुमच्याच बाजूला पडलं.

टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. खिडकी एक, टाकीच्या बाजूच्या भिंतीत, आणि ती मी उघडीच ठेवते. पलंग दोन फूट. ऑक्सिजन तीन लिटरवर आहे, चालले तर चार. दिवसा घरात हेच. मी बाइंडिंगच्या कारखान्यात नऊ ते पाच असते. मधल्या सुट्टीत येऊन जेवायला घालते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खिडकी उघडी असेल आणि सिलिंडर लहान असेल तर हरकत नाही. जाता जाता असंही म्हणाले की यांच्या रक्तातच हा गॅस साठायला लागला आहे, बाहेर टाकायला फुप्फुस पुरत नाही. मला ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण तुम्ही लिटर विचारलेत म्हणून.

दुकानदार म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, गॅसशिवाय जगणारी झाडं लावा, जाड पानांची, त्यांना काही लागत नाही. मला पटलं होतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग प्लास्टिकचीच आण."

तुमच्या दोघांत काय बिनसलं हे मला अजून नीट ठाऊक नाही. हे म्हणतात, थट्टा केली आणि त्याला लागली. अकरा वर्षं पुरणारी थट्टा मी तरी ऐकलेली नाही.

वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

सोबत पार्सल आहे. रेग्युलेटर मीच जुळवला आहे, साबणाचं पाणी लावून गळती तपासली आहे. सिलिंडर मी पाठवू शकत नाही, तो तिथल्याच विक्रेत्याकडून अर्ध्या किलोचा घ्या. मोठा घेऊ नका. लहान लवकर संपेल, पण गळलाच तर खोलीभर गॅस होणार नाही. उभाच ठेवायचा, आडवा कधीच नाही, आणि टाकीच्या कपाटाला पट्ट्यानं बांधायचा. विक्रेत्याचा माणूस वर येऊन जोडून देईल.

रेग्युलेटर दोन तऱ्हेचे असतात, सिंगल स्टेज आणि डबल स्टेज. डबलमध्ये दाब दोन टप्प्यांत उतरतो, तो जास्त भरवशाचा. मी सिंगल पाठवला आहे. घरच्या टाकीला भागतं. फक्त दाबाच्या काट्यावर लक्ष ठेवा. आत द्रव आहे तोवर काटा एकाच जागी उभा राहील, काही आठवडे हलणारही नाही. द्रव संपला की झरझर खाली येईल. तो उतरताना दिसला की त्याच दिवशी सिलिंडर बदला, पूर्ण संपायची वाट बघू नका.

बारीक चावी हळूहळू उघडा. काचेच्या नळीत बुडबुडे दिसतील. सेकंदाला एकापासून सुरू करा, आठवड्यानं दोन. त्यापुढे जायचं नाही. टाकीत लावायला काचेचा छोटा बल्ब पाठवतो आहे, त्यात सोबतच्या बाटलीतलं निळं पाणी भरा. हिरवं झालं की गॅस बरोबर, पिवळं झालं की जास्त. रंग बदलायला दोन-तीन तास लागतात, तेवढा धीर धरा.

थट्टेचं विचारलंत. दगड कापताना पात्यावर पाण्याची धार सोडा, भुकटी उडत नाही, असं मी आमच्या दगडाच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो. दादा तिथला मिस्त्री, शब्द त्याचाच चालायचा. तो म्हणाला, "याला पाणी द्या, उशी द्या, अंगाई कोण म्हणणार ते ठरवा." सगळे हसले. दादाही हसला. मी पुढच्या आठवड्यात काम सोडलं. एवढंच.

धाकटा दीर


३ मार्च

भावजी,

जमलं. विक्रेत्याचा माणूस सिलिंडर आणि हत्यारांची पेटी घेऊन चार मजले चढला आणि पाच मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला. हे पलंगावरून त्याला म्हणाले, "बस, मला पण असंच होतं." तो बिचारा हसावं का नाही या विचारात.

पहिल्या आठवड्यात काही दिसेना. मग एका दुपारी कारखान्यातून जेवायला आले तर हे म्हणाले, इकडे ये, खाली वाक. गवताच्या टोकांवर बारीक मोत्यांसारखे थेंब. झाडं श्वास सोडताहेत, म्हणाले. आता बल्ब हिरवा आहे, गवत उजव्या कोपऱ्यातून पसरत मध्यापर्यंत आलं आहे. मी रोज सकाळी निघताना काट्याकडे बघते आणि हे मला रोज विचारतात, बघितलास का.

खालचं यांच्या हातचं आहे. तीन वेळा विसावा घेऊन लिहिलं.

बारक्या, सेकंदाला दोन. मोजले. गवत धरलं. रेग्युलेटर चांगला जुळवलास.

भावजी, एकदा येऊन जा. मी सांगते म्हणून नाही. या ओळी लिहिल्यावर यांनी विचारलं, बसला किती तास लागतात तिकडून.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

दादाच्या ओळी वाचल्या. दोनावरच ठेवा. गवत वाढलं की वरून कातरा, म्हणजे दाट होईल.

सध्या येणं जमणार नाही. प्लँटवर दोन माणसं कमी आहेत आणि सुट्ट्या बंद आहेत. नंतर बघू. काट्याकडे लक्ष असू द्या.

धाकटा दीर


२ मे

भावजी,

लिहायला उशीर झाला. आम्ही नऊ दिवस हॉस्पिटलात होतो.

एप्रिलात आमच्याकडे वह्यांचं काम तुंबतं. मला दोन आठवडे मधल्या सुट्टीत घरी यायला जमलं नाही, यांचा डबा उशाशी ठेवून जायची. सकाळी घाईत काट्याकडे बघायचं राहिलं. एक दिवस, दोन दिवस, किती दिवस ते मला सांगता येणार नाही. हे विचारायचे, बघितलास का, आणि मी दारातूनच हो म्हणायची.

त्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर पलंग रिकामा. हे टाकीच्या कपाटापाशी जमिनीवर, कपाटाचं दार उघडं, हात सिलिंडरच्या चाकावर. ऑक्सिजनची नळी पलंगाच्या पायात अडकून नाकातून निघाली होती. ओठ काळेनिळे. टाकीतला बल्ब पिवळा जर्द, मासे काही वर उलटे, काही तळाला.

शुद्धीवर आल्यावर तुकड्यातुकड्यांत सांगितलं. दुपारी एकाएकी बुडबुड्यांची धार लागली, मोजता येईना. मासे वर येऊन तोंड वासायला लागले. हे पलंगावरून बघत होते. "किती वेळ नुसता बघू," म्हणाले. चार पावलांचं अंतर. उठले, रांगत गेले, चाक फिरवून बंद केलं. परत येता आलं नाही.

मासे सहा वाचले. यांना आता सहा लिटर लागतो आणि उठून बसताही येत नाही. डॉक्टर आता महिने म्हणत नाहीत, आठवडे म्हणतात. तुम्ही दोनदा लिहिलं होतंत, काटा बघा. चूक माझी आहे. मला ती दुसऱ्या कुणाला तरी सांगायची होती.

गवताला काही झालं नाही. ते आणखी हिरवं झालं आहे.

वहिनी


११ मे

वहिनी,

चूक तुमची नाही. सिलिंडर संपत आला की आतला दाब पडतो, आणि सिंगल स्टेज रेग्युलेटरला तो सांभाळता येत नाही. शेवटचा सगळा गॅस एकदम सोडून देतो. गॅसवाल्यांत पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. डबल स्टेज असता तर तुम्ही महिनाभर काटा बघितला नसतात तरी काही झालं नसतं. मला हे माहीत होतं आणि तरी मी सिंगल पाठवला.

का पाठवला ते लिहितो. डबल स्टेजवाले आमच्याकडे वरच्या माळ्यावर असतात. चौदा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. मी पाचव्या पायरीवर थांबलो, खाली उतरलो, आणि खालच्या फळीवर होता तो उचलला. कुणाला वर पाठवलं असतं तर विचारलं असतं, तुम्ही का नाही चढत. ते मला नको होतं.

नोव्हेंबरात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि विचारलं, कधी दगडात काम केलं होतं का. मी म्हणालो, सहा वर्षं, तेही सोडून अकरा झाली. ते म्हणाले, भुकटी कुठे जात नाही. मी वेळेवर सुटलो अशा समजुतीत इतकी वर्षं काढली. दादा अडकला आणि मी सुटलो, असं. त्याचा थोडा ताठाही होता मला, आता लपवून काय करू.

प्लँटवर सुट्ट्या बंद नव्हत्या. चौथा मजला म्हणालात म्हणून आलो नाही.

यातलं दादाला काही सांगू नका. त्याच्या जिवाला आता हे कशाला. रेग्युलेटरचं तेवढं सांगा, बारक्याची चूक झाली म्हणा. डबल स्टेजवाला मी आणून ठेवला आहे, पाठवतो.

धाकटा दीर


२० मे

भावजी,

पत्र मिळालं. तुम्ही आधी कळवायला हवं होतंत. औषध चालू आहे का, कुठल्या डॉक्टरांकडे जाता, सगळं लिहा.

तुमच्याबद्दल यांना काही कळलेलं नाही. पत्र मी आधी मनात वाचलं आणि यांना फक्त रेग्युलेटरचा मजकूर वाचून दाखवला. तेव्हा त्याची काळजी करू नका.

रेग्युलेटर पाठवू नका, घेऊन या. हळूहळू चढा, कितीही वेळ लागू दे. दिवस थोडे आहेत.

वहिनी


१९ जून

भावजी,

तुमचे दादा चौदा तारखेला सकाळी गेले. आत्याबाईंनी निरोप दिला असेलच. त्या पंच्याहत्तराव्या वर्षी चार मजले चढून आल्या.

तुम्ही आला नाहीत.

वहिनी


२८ जून

वहिनी,

मी आलो होतो. आठ तारखेला.

कळवून येणार होतो, मग वाटलं न जमलं तर आशा लावून ठेवल्यासारखं होईल. दुपारी पावणेतीनला तुमच्या इमारतीच्या दारात होतो. पिशवीत डबल स्टेज रेग्युलेटर होता, पेढ्यांचं एक पाकीट होतं. पहिला मजला कठड्याला धरून चढलो. वळणावर एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसलो. मनात म्हटलं, इथं कुणीतरी म्हातारं राहत असणार. दुसऱ्या वळणावरही तसंच स्टूल. तिथं बसलो आणि खोकला सुरू झाला. तो थांबेना. रुमाल तोंडात कोंबला तरी थांबेना. एक बाई दार किलकिलं करून बघून गेल्या.

अजून दोन मजले होते. एकेक पायरी करत चढलो असतो, अगदी रांगतही. पण वर येऊन दादासमोर काय करणार होतो, तर धापा टाकणार. तो बावीस वर्षं त्या शेडमध्ये होता, माणूस दारात उभा राहिला की त्याला कळलं असतं. त्याला काही ठाऊक नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. म्हटलं, जाताना तरी धाकटा भाऊ धडधाकट आहे एवढं समाधान घेऊन जाऊ दे. रागावलेला, आडमुठा, पण धडधाकट.

अर्धा तास तिथे बसलो. खोकला बसल्यावर उतरलो. रेग्युलेटर वर पाठवला असता तर मी आल्याचं कळलं असतं, म्हणून तोही परत आणला.

तोंड दाखवायलाही आला नाही असं तुम्हाला वाटू नये म्हणून लिहिलं. आणि दुसरं काही माझ्याजवळ लिहायला नाही.

धाकटा दीर


६ जुलै

भावजी,

हे पत्र मी चार दिवस लिहून फाडते आहे. आधी कामाचं सांगते. यांची सगळी फाइल मी वेगळी बांधून ठेवली आहे, औषधं, तपासण्या, कशानं बरं वाटलं, कशानं बिघडलं. यांनीच सांगून माझ्याकडून लिहून घेतलं, रोज दोन-तीन ओळी. कसं निजायचं, आंघोळ बसून करायची, पायरी चढताना श्वास कधी सोडायचा. वर तुमचं नाव घालायला लावलं. पुढच्या रविवारी मी ती घेऊन तुमच्याकडे येते आहे. तुम्ही यायचं नाही, मी येणार.

वर तुमचं नाव का, ते आता सांगायलाच हवं. वीस मेच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

तुमचं ते पत्र मी आधी मनात वाचलं नव्हतं. विजेचं बिल वाचावं तसं, पाकीट फोडून सरळ मोठ्यानं वाचायला लागले. "पाचव्या पायरीवर थांबलो" इथपर्यंत आले तरी मला काही उमगलं नव्हतं. यांना उमगलं. म्हणाले, "थांब." मग डोळे मिटून म्हणाले, "वाच पुढे." मी शेवटपर्यंत वाचलं. दादाला सांगू नका, हेही वाचलं.

त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "त्याला लिही, मला काही सांगितलं नाहीस म्हणून. त्याला झाकायचं आहे ना, झाकू दे. मी एकदा त्याचं चारचौघांत हसं केलं आहे." मी म्हटलं, असं कसं, भाऊ आहे तुमचा. तर म्हणाले, "म्हणूनच."

स्टुलं आमच्या कारखान्यातली. यांनी आणायला लावली. "तो येईल, आणि एका दमात चढणार नाही. मी दुसऱ्या मजल्यापर्यंत दोनदा बसायचो. दर वळणावर एक ठेव." शेजाऱ्यांना मी सांगितलं, आत्याबाई येणार आहेत. घराचं दार तेव्हापासून दिवसभर उघडं असायचं. मी कारखान्यातून रजा घेतली होती.

टाकीचा गॅस मी एप्रिलनंतर सुरूच केला नाही. गवत पिवळं पडायला लागलं. दुकानदार मासे घेऊन जाईल, सहाच आहेत. तुम्हाला तो पहिला रेग्युलेटर हवा असला तर तोही घेऊन येईन, नको असेल तर विचारणार नाही.

आठ तारखेची ती दुपार मला आठवते. मी ओट्यापाशी भांडी घासत होते. यांनी हाक मारली, आवाज उरलाच नव्हता, पलंगावर बोटं वाजवून बोलवायचे. म्हणाले, "जिन्यात कुणी खोकतंय. आमच्या शेडमधला खोकला आहे." मी दारात जाऊन ओल्या हातानंच खाली वाकून विचारलं, कोण आहे? दोनदा विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. तुमच्या कानांना हाक ऐकू येणार नाही, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. परत येऊन म्हटलं, कुणी नाही, दुसऱ्या मजल्यावरचे काका असतील, त्यांना विडीचा नाद आहे. हे म्हणाले, "खाली जाऊन बघ." मी म्हटलं, भांडी आवरते आणि जाते.

ते दाराकडे तोंड करून ऐकत राहिले. मी भांडी आवरेपर्यंत खालचा आवाज थांबला होता. पदराला हात पुसत यांच्यापाशी आले, तेव्हा यांनी मान भिंतीकडे वळवली आणि म्हणाले, "गेला."

मी म्हटलं, बरं झालं. मला वाटलं, खोकला.

वहिनी